रिकामे पठार

गेल्या नाताळात आमच्या धर्मग्रामातील युवकांनी सभागृहात छायाचित्रांचे एक छोटेसे प्रदर्शन भरविले होते. त्यांच्या आग्रहास्तव मीही कपाटातील काही जुनी चित्रे काढून दिली. मसाई पठाराच्या एका कृष्णधवल चित्रापुढे एक मुलगा बराच वेळ थांबला आणि त्याने सहज विचारले, "फादर, इथं कुणीच राहत नाही का?"

गुरुदीक्षेनंतरच्या पहिल्या काही वर्षांत मला डोंगरवाटांचे वेड होते. पन्हाळ्याहून मसाई पठार ओलांडून पावनखिंडीकडे जाणारी वाट विशेष आवडीची. १६६० च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज याच मार्गाने विशाळगडाकडे निघाले आणि बाजीप्रभूंनी खिंड लढविली. त्या स्मरणार्थ आजही पावसाळ्यात तरुणांचे जथे ही वाट दोन दिवसांत चालून जातात. मी मात्र पाऊस सरल्यावर, गर्दी नसताना जात असे. पाठीवरच्या सॅकमध्ये भाकरी, कांबळे, कॅमेरा, छत्तीस चित्रांचे दोन रोल आणि एक जडशीळ तिपाई.

ही तिपाई का वाहायची, असे सोबती विचारीत. निसर्गचित्रात पायाशी असलेल्या गवतापासून क्षितिजावरच्या कड्यापर्यंत सारे रेखीव यावयाचे, तर भिंगाचे छिद्र अगदी बारीक करावे लागते. मग प्रकाश कमी पडतो, म्हणून पडदा अधिक वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात हात हललाच. तिपाई हलत नाही. मात्र त्या अर्ध्या सेकंदात जे स्थिर आहे तेच स्पष्ट उमटते. जे चालत असते ते पुसट होते.

१९९९ च्या नोव्हेंबरात असाच पहाटे पठारावर उभा होतो. कोवळ्या तिरप्या उन्हात जांभ्याचा खडक उजळला होता आणि खाली दरीत धुके साचले होते. इतक्यात जवळच्या धनगरवाड्यातील एक आजी डोक्यावर हंडा घेऊन माझ्या चौकटीत आल्या. मी म्हणालो, "आजी, जरा बाजूला होता का? ऊन निघून जाईल." त्या हसल्या. "माझा बी एक फोटू काढ की रं, लेकरा." "परतताना काढतो," असे मी सांगितले. परतताना दोन्ही रोल संपलेले होते.

पुढल्या वर्षी मी त्या वाड्यावर गेलो, तेव्हा आजी पावसाळ्यातच वारल्याचे कळले. त्यांचा मुलगा म्हणाला, "आईचा एक बी फोटू न्हाई बघा, साहेब." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला अधिक लागले. घरी येऊन सारी निगेटिव्ह उजेडासमोर धरली. बिघडले म्हणून बाजूला टाकलेल्या एका चित्रात, अगदी कडेला, आजी होत्या. चेहरा पुसट, हंडा मात्र बराचसा स्पष्ट. ते मोठे करून घेतले आणि वाड्यावर नेऊन दिले. मुलगा कितीतरी वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "तोंड दिसंना, पर चाल आमच्या आईचीच हाय."

येशूसंघीय धर्मगुरू बर्नार्ड हबर्ड यांच्याविषयी मी पुढे वाचले. ते सांता क्लारा विद्यापीठात भूशास्त्र शिकवीत आणि अलास्काच्या निर्जन प्रदेशात पाठीवर सामान बांधून हिमनद्या व ज्वालामुखींची छायाचित्रे घेत फिरत. लोक त्यांना 'हिमनद्यांचा फादर' म्हणत. १९३७-३८ साली ते बेरिंग समुद्रातील किंग आयलंडवर इनुपियाट लोकांमध्ये राहिले आणि त्यांनी तेथील घरांची, माणसांची, त्यांच्या कामांची चित्रे टिपली. १९५९ मध्ये बेटावरची शाळा बंद झाली. कुटुंबे हळूहळू मुख्य भूमीवर गेली आणि बेट ओस पडले. बर्फाची चित्रे आजही कुणालाही काढता येतील. पण त्या बेटावरच्या नांदत्या वस्तीची चित्रे आता नव्याने काढता येणार नाहीत.

आपल्या घाटातही असेच आहे. राधानगरी, चांदोली, कोयना आणि कास हे प्रदेश २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले, हे योग्यच झाले. परंतु दिनदर्शिकेवरील त्यांच्या चित्रांत गवे असतात, फुले असतात; गुरे राखणारा धनगर क्वचितच असतो. चांदोलीच्या अभयारण्यासाठी गावे उठली, त्यांचीही आठवण त्या चित्रांत नसते. आम्ही छायाचित्रकार आधी माणसाला बाजूला व्हायला सांगतो आणि मग त्या जागेला निर्जन म्हणतो.

साराच्या जाचाला कंटाळून रानात पळालेल्या हागारेने परमेश्वराला 'पाहणारा देव' असे नाव दिले. रानाचे सौंदर्य त्याने निर्मिले खरे. परंतु त्या रानात त्याची दृष्टी प्रथम एका दासीवर स्थिरावली. मी तिपाई लावून तासभर पाहत होतो, तरी समोरचे माणूस मला दिसले नव्हते.

त्या मुलाला मी सारी हकीकत सांगितली आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या पठाराशेजारी तो दुसरा फोटोही लावला. खाली वाड्याचे नाव लिहिले. आता युवक सहलीला निघाले की मी एवढेच सांगतो, "मोबाईलमध्ये रोल संपत नाही. वाटेत भेटणाऱ्यांचे नाव विचारा, त्यांना हवा असेल तर फोटो काढा, आणि छापून नेऊन द्या. परतताना काढतो, असे मात्र कुणाला सांगू नका."