तिरफळाची बरणी

शिवाजीनगर म्हटले की पुण्याच्या वाचकाला पुण्यातले आठवेल आणि इतरांना आपापल्या शहरातले. आम्ही सांगतो आहोत ते भोपाळचे. जुन्या सरकारी क्वार्टरांची आणि दाट झाडांची ही वस्ती. येथे पत्ता सांगावयाचा तो बसथांब्याच्या आकड्याने. पाच नंबर, सहा नंबर असा. २०१६ मध्ये ‘स्मार्ट सिटी’साठी प्रथम हीच वस्ती निवडली गेली होती. झाडांसाठी लोक उभे राहिले आणि ती योजना तात्या टोपे नगराकडे वळली. २०२४ च्या जूनमध्ये मंत्री-आमदारांच्या नव्या निवासांसाठी पुन्हा तोच घाट घातला गेला. पुन्हा बायाबापड्यांनी झाडांना मिठ्या मारल्या, आणि तो प्रस्ताव सरकारला सोडून द्यावा लागला. असो. त्याच झाडांच्या सावलीत अलीकडे एक लहानशी खाणावळ उघडली आहे. तिच्याविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत.

आमचे वडील येथे आले ते १९५६ साली. त्या वर्षी १ नोव्हेंबरला नवे मध्यप्रदेश राज्य झाले, राजधानी नागपुराहून भोपाळास आली, आणि सचिवालयाच्या कपाटांबरोबर कारकुनांची बिऱ्हाडेही आली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. पण ज्यांची नेमणूक इकडे झाली त्यांनी इकडची वाट धरली. आमचे घराणे मूळचे अंत्रुज महालातले, म्हणजे फोंड्याकडचे. आजोबा पोर्तुगीज अमदानीत शिक्षणासाठी मुंबईस गेले, वडील नोकरीसाठी नागपुरास, आणि आम्ही वयाच्या सहाव्या वर्षी आईला चिकटून आगगाडीत बसून भोपाळास. प्रत्येक पिढीत समुद्र थोडा थोडा दूर गेला.

याचे फार दुःख करीत बसण्याचा अधिकार आम्हांला तसा नाही. सोळाव्या शतकात आमच्या देवांनाच घर सोडावे लागले. मंगेश कुशस्थळीहून निघाला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. नदीपलीकडे नव्या जागी पोचल्यावर भक्तांनी प्रथम काय केले असेल? आमची आई म्हणे, प्रथम चूल मांडली असेल. देऊळ मागाहून झाले तरी चालते, नैवेद्य राहून कसा चालेल?

तिला स्वतःला भोपाळात दोन गोष्टींची कायम वाण पडली. एक ओला नारळ आणि दुसरे तिरफळ. नारळ येथे मिळे, परंतु तो देवासाठी. या प्रांतात नारळ देवळात फुटतो आणि घरी येतो तो प्रसादाचा तुकडा होऊन. तो खवून, वाटून रोजच्या कालवणात घालावयाचा असतो, हे शेजारणींना चमत्कारिक वाटे. देवाची वस्तू ही बाई रोज पाट्यावर चिरडते, अशीही कुजबुज एकदा झाली होती. तिरफळ मात्र कोणत्याच दुकानात नव्हते. ज्या वाचकांनी ते पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. काटेरी झाडाला मिरीहून थोडी मोठी फळे घोसाने लागतात. ती वाळली की उकलतात. आतील काळी बी टाकून द्यावयाची आणि टरफल ठेवावयाचे. वास लिंबाच्या सालीसारखा, पण अधिक रानटी, आणि दाताखाली आले तर जीभ क्षणभर बधिर होते. बांगड्याच्या हुमणाला ते हवे, आणि चतुर्थीच्या खतखत्याला तर हवेच हवे. गावाहून कोणी आले की कागदाची पुडी येई. चिनी मातीच्या एका लहान बरणीत ती ओतली जाई, आणि पुढील पुडी येईपर्यंत आई ती मोजून पुरवी.

सणाचा स्वयंपाक ती सोवळ्यात एकटी करी. मसाल्यांच्या फळीला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला तिला खपत नसे. खतखते वाढण्यापूर्वी त्यातील तिरफळे ती पळीने वेचून काढी, मुलांच्या दाताखाली येऊ नयेत म्हणून. त्यामुळे चव घरातील सर्वांच्या ओळखीची होती. वस्तू कोणी पाहिली नव्हती.

आई २००४ मध्ये गेली. त्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत आमच्या सौभाग्यवतींनी ती बरणी उघडली. आत काळवंडलेली, उकललेली टरफले दिसली. किडलेला मसाला समजून त्यांनी ती टाकून दिली आणि बरणी घासून तीत सुपारी भरली. त्या उज्जैनच्या. त्यांचा हात गोड्या मसाल्याचा, आणि त्यांची कटाची आमटी येथील मराठी घरांत नावाजलेली. आम्ही बरणीत सुपारी पाहिली आणि काही बोललो नाही. रागावलो नाही, सांगितलेही नाही. पुढे दर चतुर्थीला आमच्या घरी सुरण, रताळे, मुळा, शेंगा, मक्याची कणसे एकत्र शिजत, वर नारळ पडे, गूळ पडे, आमसूलही पडे. त्याला खतखते म्हणत. ‘छान झाले आहे,’ असे म्हणून आम्ही जेवत होतो. वीस वर्षे जेवलो.

आता खाणावळ. सहा नंबरच्या बाजूस एक गाळा, चार मेजे, भिंतीवर देवीची तसबीर, आणि दारावर हिंदीत पाटी की येथे कोंकणी घरगुती जेवण मिळेल. चालवणाऱ्या बाई फोंडा तालुक्यातील; मुलाच्या नोकरीमुळे येथे आल्या. त्यांचे सासरे एका देवस्थानाच्या अग्रशाळेत यात्रेकरूंसाठी रांधीत. त्यामुळे बाईंची शिस्त देवळाची आहे. सोमवारी मासळी नाही, आणि कांदा-लसूणही नाही. एका हितचिंतकाने त्यांना सांगितले म्हणे की सोमवारी गिऱ्हाईक परत जाते, हे धंद्याला बरे नव्हे. बाई म्हणाल्या, परत जाईल ते मंगळवारी येईल.

पहिल्या महिन्यात तेथे येणाऱ्या मंडळींची गंमत आम्ही कोपऱ्यातल्या मेजावरून पाहिली आहे. शेजारच्या महाराणा प्रताप नगरात शिकवणीच्या वर्गांची गर्दी. तेथील दोन विद्यार्थी आले. सोलकढीचा गुलाबी रंग पाहून त्यांनी तिला सरबत समजले आणि साखर मागितली. बाईंनी साखर दिली! पोरांनी एक घोट घेतला, एकमेकांकडे पाहिले, आणि निमूटपणे दुसरी वाटी साखरेवाचून मागवली. नागपूरकर एक गृहस्थ रोज येत आणि रोज म्हणत, ‘तिखट नाही बुवा.’ त्यांच्यापुढे बाई हिरव्या मिरच्यांची बशी ठेवू लागल्या. एक बंगाली बाबू आले. समुद्राची मासळी त्यांच्या लेखी दुय्यम. बर्फात निजून आलेल्या बांगड्याकडे पाहून त्यांनी नाक मुरडले आणि विचारले, भोपाळात एवढा मोठा तलाव असताना रोहू का नाही? दुसऱ्या आठवड्यात बाईंनी रोहूचे हुमण केले. आम्ही मनातून हळहळलो. गोड्या पाण्यातील मासा आणि नारळाचा रस, हा विजोड विवाह आम्हांला पटेना. परंतु बाबूंनी दोनदा भात घेतला, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही घेतला.

आमच्या स्वतःच्या वर्तनाविषयी अभिमानाने सांगण्यासारखे फार नाही. तिसऱ्या की चौथ्या भेटीत आम्ही बाईंना म्हटले की कालवणात खोबरे कमी पडते आहे; आमची आई असे करीत नसे. बाईंनी हातातील पळी खाली ठेवली आणि येथे एक बरा नारळ कितीला पडतो आणि दहांतील किती आतून खवट निघतात, याचा हिशोब शांतपणे सांगितला. मग त्यांनी विचारले, ‘तुमी खंयचे?’ आम्ही गाव सांगितले. त्यांच्या माहेराहून ते फार लांब नव्हते. ‘आनीक शीत वाडूं?’ एवढेच त्या पुढे म्हणाल्या. हे शब्द कानांवर पडून आम्हांला वीस वर्षे झाली होती.

आमचा एक पुतण्या अमेरिकेत असतो. त्याला हे पत्राने कळवले तेव्हा त्याने लिहिले की तिकडे याला ‘सोल फूड’ म्हणतात. आम्ही प्रथम हसलो. आत्म्याला भूक कसली? गीता वाचणाऱ्याने तरी असे बोलू नये. पण त्याने पुढे लिहिले ते वाचून हसू मावळले. ज्यांच्या पूर्वजांना गुलाम करून आफ्रिकेतून नेले, त्या काळ्या लोकांचे हे जेवण. १९१० च्या सुमारापासून १९७० पर्यंत त्यांच्यापैकी सुमारे साठ लाख माणसे दक्षिणेतील शेते सोडून उत्तरेकडील शहरांत गेली, आणि जाताना हातातील चव घेऊन गेली. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत सिल्व्हिया वुड्स नावाच्या बाईंनी १९६२ मध्ये असेच एक भोजनगृह उघडले आणि ते फार नावारूपास आले. ‘सोल फूड’ हे नावही त्याच दशकात रूढ झाले. त्या जेवणात मक्याची भाकर असते, पालेभाजी असते, आणि चवळी व भेंडीही असते. या दोन्ही आफ्रिकेच्या. त्यांतली चवळी आमच्याकडेही फार प्राचीन काळी तिकडूनच आली. त्यांच्या दुःखाशी आमच्या बदलीची तुलना करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. सरकारी भत्ता घेऊन आलेली माणसे आम्ही. तरीही मंगळवारच्या बाजारात चवळीच्या शेंगा घेताना त्या हार्लेमच्या बाईंची आठवण होते.

मागच्या श्रावणात एका सोमवारी आम्ही सौभाग्यवतींना बरोबर नेले. त्यांना बाहेरचे जेवण रुचत नाही. आमच्या आग्रहाखातर आल्या. त्या दिवशी खतखते होते. पहिला घास घेताच त्यांचा हात थांबला.

‘हे सासूबाईंचं आहे,’ त्या म्हणाल्या.

आम्ही मान हलवली. आमच्या डोळ्यांना पाणी आले होते, ते मिरचीचे म्हणून खपले असते. पण खतखत्याला तिखट ते किती असणार! त्या काही बोलल्या नाहीत, जेवत राहिल्या. आणि मग त्यांच्या दाताखाली एक टरफल आले. त्यांनी ते बाहेर काढून पानाच्या कडेला ठेवले, बोटाने उलटे केले, नाकाशी नेले, पुन्हा ठेवले. बराच वेळ त्या त्याच्याकडे पाहत होत्या.

‘हे त्या बरणीत होतं.’

‘होय.’

‘तुम्हांला माहीत होतं?’

आम्ही पुन्हा होय म्हटले. खोटे बोलण्याची संधी वीस वर्षांपूर्वीच निघून गेली होती.

पाच नंबरच्या थांब्यापर्यंत आम्ही चालत आलो. झाडांखाली ओले होते. त्या म्हणाल्या, ‘एकदा सांगितलं असतंत तर मी आणवलं असतं. मी दर वर्षी विचारीत होते, कसं झालंय म्हणून.’ यावर काय म्हणावे? आम्हांला वाटे की न बोलण्यात आमचे औदार्य आहे. त्यांच्या शब्दांत राग नव्हता, आणि तेच अवघड होते. वीस चतुर्थ्यांना त्यांनी आमच्याकडे पाहून विचारले होते, आणि आम्ही मनातल्या मनात दुसऱ्याच पानावर जेवत होतो.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच खाणावळीत गेल्या. कशाला गेल्या हे आम्हांला सांगितले नाही. तासाभराने परतल्या तेव्हा हातात वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी होती. आत शिरून त्यांनी फळीवरची बरणी काढली, सुपारी एका डब्यात ओतली, बरणी चिंचेने घासली. तरी सुपारीचा वास जाईना. मग ऊन पडले तशी ती गच्चीवर ठेवली. पावसाची सर आली की आम्ही धावत जाऊन ती आत आणीत होतो, आणि सर ओसरली की पुन्हा बाहेर ठेवीत होतो. असे तीन दिवस चालले.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी भाज्या निवडायला घेतल्या. पुडी उघडून चार दाणे तळहातावर घेतले आणि आम्हांला विचारले, ‘एवढ्या भाजीला किती घालायची?’

आम्हांला ठाऊक नव्हते. आईच्या चुलीजवळ आम्ही कधी उभेच राहिलो नव्हतो. त्यांनी क्षणभर वाट पाहिली, मग चष्मा लावला आणि खाणावळीला फोन केला.