ड्रायव्हर कुठाय?

"गाडी नाही, मग ड्रायव्हर कशाला रे?" बाबांचा हा ठरलेला विनोद. नेटवर्क कार्ड आणि विंडोज यांच्यामधला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. विंडोज ९८ मध्ये तर प्रोटोकॉल, क्लायंट कधीकधी हातानं निवडून घालावं लागे, वर मूळ सीडीची मागणी! एक्सपीत टीसीपी/आयपी आपोआप यायचं. पण नव्या मदरबोर्डवरचं कार्ड २००१ च्या सीडीला कुठून ठाऊक असणार?

२००६ साली सांगलीच्या आमच्या घरी दुकानदार एक्सपी नव्याने घालून गेला, ड्रायव्हर न घालता. आईची किमो नुकतीच सुरू झाली होती. न्यू जर्सीतून तिला रोज वेबकॅमवर बघणं, एवढंच माझ्या हातात होतं. आता इंटरनेटला ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर इंटरनेटवर! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातली गत.

फोनवर सांगत बाबांकडून डिव्हाइस मॅनेजर उघडवलं. "इथरनेट कंट्रोलर, आणि पिवळं प्रश्नचिन्ह," ते एकेक अक्षर लावत म्हणाले. मदरबोर्डची सीडी? बाबांना पत्ता नाही. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "आरत्यांच्या कॅसेटमागे बघा."

सेटअप, रीस्टार्ट, वीस मिनिटं. मग पडद्यावर डोक्याला रुमाल बांधलेली आई.

"अरे, किती वाळलायस! जेवतोस ना?"