एका तासाचा नियम

आमच्या चर्चमध्ये कम्युनियनच्या वेळी बाक पुढून मागे रिकामे होत जातात. उजवीकडच्या सहाव्या बाकावर मात्र एक बाई बसूनच राहायची. शेजारच्या बायका तिच्या गुडघ्यांना चुकवत बाहेर पडायच्या आणि परत येताना पुन्हा तसंच. ती पाय आत ओढून घ्यायची, जपमाळ मुठीत धरायची आणि वेदीकडे बघत राहायची. ती माझी आई. अशी ती नऊ वर्षं बसली.

आई १९३४ सालची, वसईतल्या एका वाडीतली. तिचं पहिलं कम्युनियन १९४२ साली झालं. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये असायची आणि उपवासाचा नियम कडक होता. मध्यरात्रीनंतर पोटात काही जाता कामा नये, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आजी शनिवारी रात्री माठावर झाकण ठेवून त्यावर वरवंटा ठेवायची, पोरांनी झोपेच्या भरात उठून पाणी पिऊ नये म्हणून. सकाळी चूळ भरताना पाणी गिळलं गेलं तर काय, या भीतीने आई लहानपणी नुसती ओली बोटं दातांवरून फिरवायची. हे ती आम्हाला हसत सांगायची, पण रविवारी सकाळी ती स्वतः चहाच्या कपालाही शिवत नसे.

नियम मात्र बदलत गेला होता. १९५३ साली पोप पायस बारावे यांनी पाण्याची मोकळीक दिली. १९५७ साली त्यांनीच मध्यरात्रीची अट काढून जेवणासाठी तीन तासांची ठेवली. नोव्हेंबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे यांनी ती एका तासावर आणली. आईच्या कानावर हे आलं नव्हतं असं नाही. पण तिच्या मते तो एक तास म्हणजे तरुणांची सोय होती. आठव्या वर्षी जे शिकवलं ते तिने सोडलं नाही.

१९९६ साली तिला इन्सुलिन सुरू झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, सुई घेतल्यावर अर्ध्या तासात खाल्लंच पाहिजे. पहिले काही रविवार तिने मिस्सा होऊन घरी येईपर्यंत सुईच लांबवली. मग एका रविवारी सुई घेतली आणि खाणं टाळलं. मिस्सा अर्ध्यावर आली असताना ती बाकावरून घसरली. अंगाला दरदरून घाम, ओठ पांढरे. कुणीतरी जिभेवर साखर ठेवली तेव्हा डोळे उघडले. त्यानंतर ती सव्वासहाला सुई घेऊन अर्धी भाकरी खाऊन सातच्या मिस्साला यायची आणि कम्युनियनला उठायची नाही. तिने गावातल्याच एका जाणत्या माणसाला विचारलं होतं. त्याने सांगितलं, खाल्लंय ना, मग कसं घेता येईल? तिने ते मान्य केलं.

जो दर रविवारी चर्चला येतो पण कम्युनियन घेत नाही, त्याच्याकडे गाव कसं बघतं हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. बाईच्या मनावर काहीतरी आहे, पापनिवेदन राहिलंय, घरात काही घडलंय. हे सगळं आईच्या पाठीमागे बोललं गेलं. मला वाईट याचं वाटतं, की मीही तिला नीट विचारलं नाही. मी शाळेत शिक्षिका होते, रविवारी मुलांना धर्मशिक्षण द्यायचे, आणि माझीच आई काय समजून बसली आहे हे मला ठाऊक नव्हतं.

२००५ साली कम्युनियन द्यायला मदत करणाऱ्या प्रापंचिकांच्या प्रशिक्षणाला माझं नाव दिलं गेलं. अशा सेवकांना १९७३ पासून चर्चची परवानगी आहे. मिस्सात रांग मोठी असली की ते धर्मगुरूंच्या जोडीला उभे राहतात आणि आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन नेतात. वर्गात एकाने विचारलं, “फादर, आजारी माणसाने नाश्ता केला असेल तर?” फादरांनी चर्चच्या कायद्याचं पुस्तक काढलं, ९१९वं कलम उघडलं आणि मराठीत समजावलं. उपवास एक तासाचा. तो मिस्सा सुरू होण्याआधी नाही, कम्युनियन घेण्याआधी मोजायचा. पाणी आणि औषध यांनी तो मोडतच नाही. आणि वृद्ध, आजारी व त्यांची शुश्रूषा करणारी माणसं यांनी त्या तासाभरात काही खाल्लं असलं तरी त्यांना कम्युनियन घेता येतं.

माझं पेन थांबलं. मी उभी राहून विचारलं, “सव्वासहाला अर्धी भाकरी खाल्लेली साखरेची पेशंट सातच्या मिस्साला कम्युनियन घेऊ शकते?”

“बाई, पावणेआठच्या आत आपल्याकडे कम्युनियन होतं कुठे? ती तर तासाच्या नियमातही बसते. बसली नसती तरी तिला मोकळीक आहेच.”

घरी आले तेव्हा आई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी भडाभडा सगळं सांगितलं. ती सोलत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, “हे कधीपासून आहे?”

“हे पुस्तक १९८३चं आहे.”

तिने हातातली शेंग खाली ठेवली. “म्हणजे मी बसायला लागले त्याच्या आधीपासून.”

एवढंच बोलली. माझ्यावर तिचा भरवसा बसला नाही. फादरांनी सांगायला हवं होतं, आणि ते बरोबरच होतं. मी फादरांना विनंती केली, ते घरी आले. खुर्ची नाकारून ओटीवर तिच्याशेजारी बसले आणि म्हणाले, “मावशी, औषध घेतल्याने उपवास मोडत नाही. आणि तुम्हाला तो तासही लागू नाही. रविवारी या.” त्या रविवारी आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं. ती रांगेत माझ्या पुढे होती. “ख्रिस्ताचे शरीर,” फादर म्हणाले. तिचं “आमेन” एवढं मोठ्याने आलं की पुढच्या बाकांवरची मुलं वळून बघायला लागली.

तेव्हापासून लोक मला विचारतात आणि मी कुणाचा प्रश्न क्षुल्लक समजत नाही. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची धरतात का? हो. सकाळी रविवारची मिस्सा झाली आणि दुपारी लग्नाची, तर दुसऱ्यांदा कम्युनियन? घेता येतं, दुसऱ्यांदा पूर्ण मिस्सात भाग घेतला असेल तर. पवित्र गुरुवारी बायकांचे पाय धुतलेले चालतात का? २०१६ पासून चालतात, नियमात तसं लिहिलंय.

पण चर्चचा प्रत्येक नियम आपण समजतो त्याहून सौम्यच निघतो, असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. माझ्या वर्गातल्या एका मुलीला गव्हातलं ग्लुटेन सोसत नव्हतं. पहिलं कम्युनियन दोन महिन्यांवर आलेलं. तिच्या आईने विचारलं, “बाई, आपण तर तांदळाची भाकरी खाणारी माणसं. तिच्यापुरती तांदळाची चालणार नाही का?” चालत नाही. भाकर गव्हाचीच हवी, ग्लुटेन पूर्ण काढून टाकलेली किंवा दुसऱ्या धान्याची ग्राह्य नाही. येशूने जे हातात घेतलं तेच घ्यायचं, असं चर्चचं म्हणणं आहे. ते मला पटतं, पण त्या आईच्या तोंडावर ते सांगताना माझी जीभ जड झाली. वाट मात्र होती. अगदी कमी ग्लुटेनची गव्हाची भाकर चालते, आणि तीही सोसणार नसेल तर नुसत्या द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन घेता येतं. ते अपुरं नसतं, ख्रिस्त त्यात संपूर्ण असतो. फादरांनी तिच्यासाठी वेगळा छोटा प्याला ठेवला, कारण मोठ्या प्याल्यात मिस्साच्या वेळी भाकरीचा तुकडा टाकलेला असतो आणि तिला तेवढाही बाधला असता. पांढऱ्या झग्यातली ती मुलगी दोन्ही हातांनी प्याला धरून प्यायली आणि ओठ न पुसता जागेवर गेली.

आई २०११ साली गेली. शेवटच्या आजारपणात मीच तिला घरी कम्युनियन द्यायचे. कधी पेज पिऊन दहा मिनिटंही झालेली नसायची. ती आता विचारतही नसे.

तुमच्या घरात, तुमच्या बाकावर कुणी म्हातारं माणूस कम्युनियनच्या वेळी पाय आत ओढून बसून राहत असेल, तर त्याच्याविषयी दुसऱ्या कुणाशी बोलू नका. त्यालाच जवळ बसून विचारा. त्याला सांगावंसं वाटलं, तर येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर दोघे मिळून फादरांकडे जा.