रिकामें कोणास म्हणावें?

आमच्या भंडारा जिल्ह्यांत दोन अनोळखी माणसें एस. टी. च्या बांकावर शेजारीं बसलीं, कीं पहिला प्रश्न गांवाचा, दुसरा आडनांवाचा आणि तिसरा ‘काय करतां?’ हा ठरलेला असतो. पहिल्या दोहोंचीं उत्तरें बहुधा खरीं असतात. तिसऱ्याचें उत्तर मात्र ऐकणारानें जरा जपून घ्यावें, असा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे. ऐन श्रावणांत साकोलीच्या वाटेवर, टांचेच्या भेगांत बांधींतला चिखल वाळलेला एखादा तरुण सांगतो, ‘सध्यां कांहीं करीत नाहीं.’ त्याच्या मागची बाई सकाळपासून ओणवी राहून धानाची रोवणी करून आलेली असते. ती म्हणते, ‘मी घरींच असतें.’ आणि कडक इस्त्रीचा सदरा घातलेले एक वृद्ध गृहस्थ मोठ्या समाधानानें सांगतात, ‘आमची मालगुजारी होती.’ ‘होती’ हें क्रियापद भूतकाळाचें आहे हें त्यांना ठाऊक असतें; परंतु स्वर वर्तमानकाळाचा असतो.

जे राबतात ते ‘कांहीं करीत नाहीं’ म्हणतात, आणि ज्यांच्या हातांस कधीं माती लागली नाहीं ते आपल्या उद्योगाचें नांव सांगतात, हें कसें? आपल्या मध्यमवर्गीय बैठकींत ‘कांहीं धडधाकट माणसें कामच कां करीत नाहींत’ हा विषय निघाला, म्हणजे आळस, मोबाइल, व्यसन आणि फुकटचें धान्य अशीं चार कारणें चहा थंड होण्याच्या आंत सांगून होतात. आम्हांस वाटतें, त्या प्रश्नाच्या आधीं दुसरा एक प्रश्न सुटला पाहिजे. रिकामें म्हणावें तरी कोणास?

सरकारनें या प्रश्नाचें उत्तर आपल्यापरी दिलें आहे. २०११ च्या जनगणनेंत आमच्या जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ भरली. या जनगणनेच्या व्याख्येप्रमाणें, ज्यानें वर्षांत सहा महिने वा त्याहून अधिक काम केलें तो मुख्य काम करणारा, त्याहून कमी केलें तो सीमांतिक, आणि ज्यानें मुळींच केलें नाहीं तो काम न करणारा. या शेवटच्या वर्गांत विद्यार्थी, घर सांभाळणाऱ्या बायका, पेन्शनर, भाड्यावर जगणारे आणि भिकारी असे सर्व एकत्र आले आहेत. भाडें खाणारा आणि भीक मागणारा यांस एका पंक्तीस बसविण्याचें जें कार्य आमच्या साधुसंतांस पुरतें साधलें नाहीं, तें एका तक्त्यानें सहज साधलें! परंतु त्याच पंक्तींत घरची बाईही बसली आहे, हें विसरतां येत नाहीं. रोजगाराच्या सरकारी पाहणींत घरकाम संभाळून शिवाय सरपण, शेणी, पालाभाजी गोळा करणाऱ्या बाईसाठीं ९३ हा निराळा क्रमांक ठरविला गेला. क्रमांक मिळाला, पण ९३ क्रमांकाची बाई श्रमशक्तीच्या हिशेबाबाहेरच राहिली. ती ‘मी घरींच असतें’ म्हणते तें सरकारास धरूनच आहे.

आतां त्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे वळूं. जुन्या मध्यप्रांतांत इंग्रजांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गांवचा सारा वसूल करणारांस गांवाचे मालक ठरवून मालगुजारी पक्की केली, आणि १९५१ सालीं ती कायद्यानें संपली. थॉर्स्टीन व्हेब्लेन नांवाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १८९९ सालीं निरुद्योगी वर्गावर एक ग्रंथ लिहिला. आपणांस हातानें काम करावें लागत नाहीं हें चारचौघांस दिसावें, यांतच प्रतिष्ठा असते, असें त्याचें सांगणें. व्हेब्लेननें भंडारा पाहिला नव्हता. पण ओसरीवरचा झोपाळा, पान लावून देणारा गडी आणि उन्हांत जातांना छत्री धरणारा दुसरा गडी हा सरंजाम त्यानें पाहिला असता, तर त्याच्या ग्रंथांत एक प्रकरण वाढलें असतें. येथें न करणें हेंच काम होतें, आणि त्या कामाला मान होता.

गंमत अशी, कीं या मानाचा पाया मात्र श्रमाचाच होता. आमचा जिल्हा तलावांचा म्हणून ओळखला जातो, आणि हे तलाव बांधण्याची कीर्ति मुख्यतः कोहळी लोकांची आहे. नवेगांव बांधाचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनीं अठराव्या शतकाच्या सुमारास बांधला, अशी परंपरा आहे. हें गांव १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत आमच्याच जिल्ह्यांत होतें. उतार पाहून पाळ कोठें घालावी, सांडवा कोठें ठेवावा, पाणी एका बांधींतून दुसरींत कसें उतरवावें, हें ज्यांस कळलें ते पाटील झाले. पुढें नातवांस पाटीलकी राहिली आणि फावडें सुटलें. मालगुजारी गेल्यावर तलाव सरकारचे झाले; जी पाळ पूर्वी गांव मिळून दुरुस्त करी तिच्यासाठीं अर्ज लिहावा लागूं लागला, आणि अर्ज फिरत असतांना तळांत गाळ सांचत गेला. तेथील माणसें एकाएकीं आळशी झालीं असें नव्हे. कालपर्यंत जें आपलें काम होतें तें आज कोणाचें, हें कळेनासें झालें.

हमरस्त्यानें नागपुराहून रायपुराकडे मोटारींतून जाणाऱ्या पाहुण्यास माघ-फाल्गुनांत आमच्या गांवच्या पानठेल्यावर दहा माणसें बसलेलीं दिसतात, आणि तो निदान करून मोकळा होतो. त्याला धानाचें वर्ष ठाऊक नसतें. ज्येष्ठ-आषाढांत पऱ्हे टाकायचे, आषाढ-श्रावणांत गुडघाभर चिखलांत रोवणी, दिवाळीच्या पुढेंमागें कापणी आणि मग मळणी. या दिवसांत माणसाला पाठ आहे याची आठवण फक्त दुखण्यानें होते. दिवाळीनंतर गांवोगांव मंडई भरते, झाडीपट्टीचीं नाटकें रात्रभर चालतात, आणि त्यानंतर ज्या बांधीस दुसऱ्या पिकाचें पाणी नाहीं ती उघडी पडून राहते. मग कोणी नागपुरास बांधकामावर जातो, कोणी मोहफुलें वेंचतो, उन्हाळ्यांत तेंदूपत्त्याचे पुडे बांधतो. बायका दाराशीं सूप घेऊन विड्या वळतात. मधल्या ज्या दिवसांत यांतलें कांहींच नसतें त्या दिवसांत माणूस पानठेल्यावर बसतो. त्यास रिकामा म्हणावयाचें तर उन्हाळ्याच्या सुटींतल्या प्राध्यापकासही म्हणावें लागेल. फरक इतकाच, कीं प्राध्यापकास सुटीचा पगार असतो.

काम मिळालें तर हे लोक करतील काय, या शंकेचें उत्तर आपल्याच राज्यानें दिलेलें आहे. १९७२ च्या दुष्काळांत, पिकें करपून गेलीं तेव्हां, राज्याच्या कोरड्या भागांत खडी फोडण्याच्या व नाले बांधण्याच्या कामांवर लाखो माणसें उन्हांत उतरलीं. मागेल त्याला काम ही वि. स. पागे यांची कल्पना त्याच काळांत राज्यभर रोजगार हमी योजना म्हणून पसरली आणि १९७७ सालीं तिचा कायदा झाला. खडी फोडण्यासारखें रूक्ष काम, तुटपुंजी मजुरी, आणि तरी हजेरीपटावर नांव लागावें म्हणून गर्दी! आळस हा जर या लोकांचा स्वभाव असता, तर ती गर्दी जमली नसती.

मग जाणूनबुजून काम नाकारणारीं माणसें नसतातच काय? असतात, आणि त्यांतल्या कांहींचें नाकारणें आम्हांस अत्यंत आदरणीय वाटतें. ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण आपण हंसत हंसत वापरतों. पण नीट पाहिलें तर तो बिचारा रिकामपणींही जातीचेंच काम करतो आहे! त्याला दुसरें कांहीं करण्याची मुभा आपण म्हणींतही दिलेली नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं १९३६ सालीं जातिसंस्थेवर जो प्रखर प्रबंध प्रसिद्ध केला, त्यांत त्यांनीं नेमकें हेंच दाखविलें, कीं जात ही केवळ कामाची वांटणी नसून काम करणारांचीच वांटणी आहे, आणि माणसास धंदा बदलूं न दिल्यानें ती बेकारीसही कारण होते. याच भंडाऱ्यांतून ते १९५४ सालीं लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले आणि पराभूत झाले; परंतु त्यांचें म्हणणें पराभूत झालें नाहीं. मेलेलें ढोर ओढणें हें गांवगाड्यांत एका जातीच्या कपाळीं लिहिलेलें काम होतें. तें टाका, असें त्यांच्या चळवळीनें सांगितलें, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास लाखोंनीं धम्मदीक्षा घेतल्यावर विदर्भांतल्या खेड्यांतून तें टाकण्यास मोठा जोर आला. गांव म्हणालें, ‘यांना काम नको झालें आहे, माज आला आहे.’ वस्तुतः नको झाला होता तो कामाबरोबर आलेला अपमान. कष्ट त्यांनीं त्यापूर्वीही केले आणि नंतरही केले.

हा भेद आमच्यापुरता केवळ पुस्तकी राहिलेला नाहीं. गेल्या वर्षीं आमचा एक जुना विद्यार्थी आपल्या वडिलांसह आमच्या घरीं आला. मुलगा एम. ए., चार वर्षें स्पर्धा-परीक्षांच्या वाऱ्या करून गांवीं परतलेला. नागपुरच्या खोलीपायीं दोन एकर बांधी विकली गेलेली. वडील म्हणाले, ‘सर, पोराले दोन शब्द सांगा जी. घरीच बसून आहे. काईच करत नाई.’ आम्हीं मुलास विचारलें, ‘आज सकाळपासून काय काय केलेंस, तें सांग पाहूं.’ त्यानें हिशेब दिला. पांचला उठून गोठा काढला. पंपाची मोटार जळली होती ती दुरुस्तीस पोंचविली. येतांना खताचीं दोन पोतीं आणलीं. बहिणीस गणित शिकविलें. गल्लींतल्या तिघां म्हाताऱ्यांचे पेन्शनचे अर्ज भरून दिले. ‘मग कांहीं करीत नाहीं, तें कोण?’ असें आम्हीं म्हणतांच तो म्हणाला, ‘सर, यातलं एकही काम बायोडेटात लिहिता येत नाही.’

वडिलांची दुसरी तक्रार अशी, कीं एका भातगिरणींत हिशेब लिहिण्याची नोकरी लागली होती, ती यानें तीन महिन्यांत सोडली. त्याबद्दल विचारतां मुलगा जरा थांबून म्हणाला, ‘काम जड नव्हतं, सर, हाक जड होती.’ मालक सर्वांसमक्ष ‘अबे’ म्हणून बोलावी आणि पगार पुढल्या महिन्यावर ढकली. आतां एका संस्थेंत शिक्षकाची जागा रिकामी होती, व तिच्यासाठीं जी रक्कम हवी होती ती उभी करण्यास वडील उरलेली तीन एकर बांधी विकूं पाहत होते. म्हणजे मुलाजवळ काम होतें तें विकून कामाचें नांव विकत घ्यावयाचें! कारण सोयरीक घेऊन येणारे ‘मुलगा काय करतो?’ असें विचारीतच नाहींत. ते विचारतात, ‘मुलगा कुठें असतो?’ आणि ‘घरीं’ या उत्तरापाशीं चहाचे पेले खालीं ठेवले जातात. आम्हीं वडिलांस निक्षून सांगितलें, कीं बांधी विकूं नका. ती अद्यापि त्यांचीच आहे, आणि यंदाची रोवणी त्या मुलानेंच केली. लग्न मात्र अजून जमलेलें नाहीं.

खरोखरीचे आळशी लोक जगांत नाहींत, असें प्रतिपादन करण्याचा आमचा आग्रह नाहीं. बायकोच्या विड्यांच्या मजुरीवर पत्ते कुटणारे महाभाग आमच्याही पाहण्यांत आहेत, आणि त्यांची वकिली आम्ही करणार नाहीं. उलट, थोडें रिकामपण हें माणसाचें भूषण आहे, हेंही आम्हांस मान्य आहे. बर्ट्रांड रसेलनें १९३२ सालीं आळसाची स्तुति लिहिली, तिचा इत्यर्थ हाच, कीं दिवसाचें काम चार तासांवर आणून उरलेली सवड सर्वांनीं वांटून घ्यावी. मंडईच्या रात्रीं नाटक पाहत पहाट करणारा शेतकरी रसेल न वाचतांही हें जाणतो. सवड ही वाईट वस्तु नव्हे. एकाची सवड दुसऱ्याच्या पाठीवर बसली, म्हणजे ती वाईट.

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपण मुलांस पाठ करवितों आणि सोयरीक करतांना उलटी वाचतों. म्हणून एक साधी कसोटी सुचवावीशी वाटते. एखाद्यास रिकामा म्हणण्यापूर्वी, तो उद्यां चार दिवस गांवाला गेला तर घरांत, गोठ्यांत, बांधींत काय काय अडेल, तें मोजून पाहावें. या कसोटीस लावतां कित्येक ‘घरींच असणारीं’ माणसें भारी कामाचीं ठरतील, आणि कित्येक मोठ्या नांवाच्या माणसांवांचून चुलीवरचें आधणही थांबणार नाहीं. लग्नाच्या वयाचीं मुलें-मुली ज्या घरांत आहेत त्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं पुढल्या बैठकींत ‘मुलगा कुठें असतो?’ याऐवजीं ‘मुलगा काय करतो?’ असा प्रश्न विचारावा, आणि उत्तर संपेपर्यंत पेला हातांतच ठेवावा, एवढीच आमची विनंति आहे.