चार दात्यांचे अंतर

वडिलांची जीप विलिस सीजे-२ए. युद्ध संपताच १९४५ साली नागरी वेशात, शेतकामासाठी म्हणून आलेली पिढी. तिच्या क्राउनला ४३ दाते, पिनियनला ८, गुणोत्तर ५.३८. आधीच्या लष्करी एमबीच्या क्राउनला ३९ दाते, पिनियनला तेवढेच ८, गुणोत्तर ४.८८. ओढ कमी, वेग अधिक. महामार्गावरचा इंजिनाचा आक्रोश असह्य होऊन, वडिलांच्या पश्चात आम्ही भंगारातून एमबीची एक जोडी मिळवली व मागच्या आसात बसवली. मिस्त्रींनी बजावले होते, “पुढचीही बदला, नाहीतर फोर-व्हील लावू नका.” आम्ही ते हसण्यावारी नेले.

पावसाळ्यात चिखलातून निघताना फोर-व्हील लावले. निसरड्यात चाके घसरत राहिली, काही जाणवले नाही. डांबरावर येताच जीप जखडली. इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत मागची चाके पुढच्यांहून सुमारे दहा टक्के अधिक अंतर मागत होती. लिव्हर हलेना. जॅक लावून एक चाक उचलले, तेव्हा ते झटक्याने फिरले आणि ताण सुटला.

परंपरेतून हवे तेवढेच उचलावे, असे आम्ही वर्गात शिकवत आलो. क्राउन-पिनियन परस्परांवर घासून जुळवलेले असतात, त्यांची ताटातूट करू नये, एवढे आम्ही जाणत होतो. पुढच्या आसाशी असलेले त्यांचे नाते मात्र आम्ही विचारातच घेतले नव्हते.

आता ४३ दाते पुन्हा जागी आहेत. वडील फार हळू चालवतात, हा आमचा जुना आक्षेप. हल्ली आम्हीही हळूच चालवतो.