मला विचारलंस का?

माझा लॅपटॉप सोडला तर आमच्या घरातलं प्रत्येक मशीन बाबांचं आहे, आणि त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा नियम आहे. बाहेर मी फ्रीलान्सिंग करते, मोठमोठ्या लोकांना प्रश्न विचारते, पण घरी मात्र बाबांचा माऊस पकडायचा तर आधी परमिशन! हा नियम एप्रिल 2016 मध्ये झाला. कारण अर्थातच मी.

बाबांचा डीटीपीचा धंदा. डोंबिवलीतल्या आमच्या वन बीएचकेमध्ये हॉलचा एक कोपरा म्हणजे त्यांचं ऑफिस. लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, सोसायटीचे वार्षिक अहवाल, गणेशोत्सव मंडळाची पावतीपुस्तकं. माझ्या बारावीच्या क्लासची फी याच कोपऱ्यातून आली.

त्यांच्या मशीनवर विंडोज 7 होतं आणि मराठी टायपिंगचं एक जुनं सॉफ्टवेअर. ते चालायला मागे एक छोटं डोंगल लावावं लागायचं. बाबा त्याला ‘लॉक’ म्हणतात. लॉक नाही तर मराठी नाही. त्यातले फॉन्ट युनिकोडच्या आधीचे, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले. ती फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की ‘चि. सौ. कां.’च्या जागी नुसती इंग्रजी खिचडी दिसते. थोडक्यात, बाबांचं पंधरा वर्षांचं काम त्या एका लॉकच्या भरवशावर उभं होतं. हे मला तेव्हा माहीत होतं का? बघत होते रोज. पण बघणं वेगळं आणि कळणं वेगळं.

29 जुलै 2015 ला विंडोज 10 आलं. विंडोज 7 आणि 8.1 वाल्यांना एक वर्ष अपग्रेड फुकट. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात विंडोजचं छोटं पांढरं चिन्ह आलं आणि त्यातून आमंत्रणाची खिडकी उघडायला लागली. बाबा रोज सकाळी उदबत्ती लावायचे, मशीन चालू करायचे आणि ती खिडकी बंद करायचे. जवळजवळ पूजेचाच भाग झाला होता तो.

माझी बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. हातात रिकामा वेळ आणि डोक्यात अठराव्या वर्षाचा कॉन्फिडन्स. बाबा प्रेसवर गेले होते. मी विचार केला, फुकट मिळतंय, नवीन आहे, बाबा उगाच घाबरतात. सरप्राइज देऊ! आणि ‘अपग्रेड नाऊ’ दाबलं.

दोन-अडीच तासांनी स्क्रीन निळीशार, चकाचक. मी एकदम खूष. बाबा आले, हातपाय धुऊन खुर्चीत बसले. सॉफ्टवेअर उघडलं. मेसेज आला, लॉक सापडत नाही. त्यांनी लॉक काढून परत लावलं. नाही. दुसऱ्या पोर्टमध्ये लावलं. नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एका पत्रिकेचं प्रूफ द्यायचं होतं. लग्न तीन आठवड्यांवर, चारशे पत्रिका.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त माझ्याकडे बघून म्हणाले, “मला विचारलंस का?”

त्या रात्री मी जेवले नाही. कॉलेजातल्या एका सीनियरला फोन लावला. त्याच्याकडून कळलं की अपग्रेडनंतर महिन्याभरात जुन्या विंडोजवर परत जाता येतं. सेटिंग्जमध्ये ‘रिकव्हरी’, त्यात परत जाण्याचं बटण. (ही मुदत नंतर, ऑगस्ट 2016 च्या अपडेटपासून, दहा दिवसांवर आली.) ते बटण दाबलं आणि आम्ही तिघं फिरणाऱ्या टिंबांकडे बघत बसलो. आई मध्येच म्हणाली, “देवाला नारळ बोलते.” साडेअकराला जुनं विंडोज परत आलं. बाबांनी सॉफ्टवेअर उघडलं आणि टाइप केलं, ‘श्री गणेश प्रसन्न’. अक्षरं उमटली. पहाटे तीनपर्यंत बसून त्यांनी प्रूफ काढलं. मी शेजारी स्टुलावर. नुसती बसून.

पुढची स्टेप म्हणजे हे अपग्रेड कायमचं थांबवणं. त्यासाठी ‘नेव्हर टेन’ नावाचा स्टीव्ह गिब्सन यांचा एक छोटा फुकट प्रोग्रॅम नुकताच आला होता. तो काही लढाई-बिढाई करत नाही. अपग्रेड नको असं सांगायच्या सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टनेच ठेवल्या होत्या, फक्त त्या रजिस्ट्रीत खोलवर होत्या. नेव्हर टेन त्या एका क्लिकमध्ये बदलून द्यायचा. खरं तर एवढंच पुरेसं होतं. पण पश्चात्तापाने पेटलेल्या मुलीला पुरेसं कुठे कळतं? मी विंडोज अपडेटच पूर्ण बंद करून टाकलं. घ्या, आता काहीच येणार नाही!

नको म्हणणारे आम्ही एकटे नव्हतो. मे 2016 मध्ये तर वेगळाच वाद पेटला. अपग्रेडची खिडकी कोपऱ्यातल्या लाल फुलीने बंद केली तरी ठरलेलं अपग्रेड रद्द होत नव्हतं, म्हणजे फुली हाच होकार धरला जात होता! इतकी वर्षं फुली म्हणजे ‘नको’ हे आपण शिकलेलो. लोक भडकले आणि कंपनीला खिडकीत स्पष्ट नकाराचा पर्याय द्यावा लागला. कॅलिफोर्नियातल्या एका व्यावसायिक बाईंना तर नको असलेल्या अपग्रेडपायी कामाचं नुकसान झालं म्हणून कोर्टाने दहा हजार डॉलर मिळवून दिले. आपण थेट अतिरेक केला, हे कंपनीच्या मार्केटिंगप्रमुखांनी त्या वर्षाअखेर मान्यही केलं. ही बातमी वाचून बाबा म्हणाले, “बघ, त्यांनीसुद्धा विचारलं नव्हतं.” तो टोमणा कोणाला होता, हे सांगायला नकोच.

मग आला 12 मे 2017. वॉनाक्राय! दीडशेहून जास्त देशांत दोन लाखांवर मशीन्स लॉक झाली, फाइल्स परत हव्या तर बिटकॉइनमध्ये पैसे मागितले गेले, ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटलांतल्या अपॉइंटमेंट्स रद्द झाल्या. ज्या फटीतून हा किडा शिरत होता, ती बुजवणारं अपडेट 14 मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी आलं होतं. ज्यांनी ते घेतलं, ते या फटीपुरते वाचले.

आणि आम्ही? मी तर वर्षभर दारच बंद करून ठेवलेलं! पोटात गोळा म्हणजे काय, ते त्या दिवशी लेक्चरमध्ये बसल्याबसल्या कळलं. घरी धावले. मशीन ठीक होतं, पण ते माझ्या हुशारीने नव्हे, निव्वळ नशिबाने. या वेळी मात्र आधी बाबांना सगळं सांगितलं. अपडेट मीच बंद केलं होतं, हेसुद्धा.

त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “अगं, प्रूफातल्या चुका दुरुस्त करणं वेगळं आणि पत्रिकेचं डिझाइनच बदलणं वेगळं. चुका तर दुरुस्त व्हायलाच पाहिजेत. डिझाइन मात्र गिऱ्हाइकाला विचारून.”

मास कम्युनिकेशनची डिग्री घेऊनही मला हे इतक्या सोप्या शब्दांत सांगता आलं नसतं. सिक्युरिटी अपडेट म्हणजे प्रूफ करेक्शन, ते थांबवायचं नाही. नवीन व्हर्जनचं अपग्रेड म्हणजे नवं डिझाइन, ते आपल्या सोयीने.

2019 मध्ये बाबांनी विंडोज 10 वालं दुसरं मशीन घेतलं. ईमेल, जीएसटी आणि व्हॉट्सॅपवरच्या पत्रिका त्यावर. जुन्याची नेटची वायर काढून टाकली. विंडोज 7 चे अपडेट्स 14 जानेवारी 2020 ला संपले, पण तो म्हातारा आजही लॉक लावून फक्त जुन्या फाइल्स उघडतो. नेट नाही, अनोळखी पेनड्राइव्ह नाही, महत्त्वाच्या फाइल्सची कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर.

आणि मग इतिहास रिपीट! 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चाही नेहमीचा सपोर्ट संपला. त्याच्या आधीच विंडोज 11 चं आमंत्रण स्क्रीनवर आलेलं. बाबांचा फोन आला, “ते निळं पान परत आलंय.” शनिवारी मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले, इंटरव्ह्यू घेतात तशी. मशीन 11 साठी चालतं, प्रिंटर बहुतेक चालेल, पण खात्री करायला हवी. नको असेल तर थांबवता येतं. सुरक्षेचे अपडेट्स मात्र हवेतच. काय करायचं?

बाबांनी कॅलेंडर बघितलं. “तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू. मे संपू दे. जूनमध्ये बघू.”

झालं, ठरलं. गिब्सन यांचाच ‘इनकंट्रोल’ नावाचा प्रोग्रॅम वापरून मशीन विंडोज 10 च्या शेवटच्या व्हर्जनवर, म्हणजे 22एच2 वर थांबवलं. (प्रो एडिशन असेल तर हेच ग्रुप पॉलिसीतून, ‘टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन’ ठरवून करता येतं.) सुरक्षेसाठी घरगुती ग्राहकांना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत एक वर्षाची एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्सची सोय जाहीर झाली होती. तीस डॉलर किंवा तेवढे रुपये भरून, किंवा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवून फुकट. आम्ही फुकटवालं घेतलं. बाबांना विचारून, अर्थात!

घरी येताना लोकलमध्ये विचार करत होते. आपली पिढी आईबाबांना सारखी अपग्रेड करत असते. त्यांचा फोन, त्यांचं बँकिंग, आईचा जुना मिक्सर. हेतू चांगलाच असतो. पण त्यांचं कुठलं काम कुठल्या लॉकवर चालतंय, हे आपल्याला कुठे ठाऊक असतं? ‘नको’ म्हणाले की आपण म्हणतो, घाबरतात. कदाचित त्यांच्याकडे उद्या सकाळी द्यायचं प्रूफ असेल.

हा लेख पाठवण्याआधी बाबांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावला, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि विचारलं, “हे छापायचं ना नक्की?”

म्हटलं, “तुम्ही सांगा.”

म्हणाले, “छाप.”