बिनआवाजाचं म्हातारपण

गाडी म्हातारी झाली की पूर्वी ती सगळ्या गल्लीला ऐकू यायची. फियाट कोपऱ्यावर वळली की घरात आधण चढायचं. मिस्त्री बॉनेट उघडायच्या आधीच मान तिरकी करून ऐकायचा आणि 'टॅपेट वाजतायत' किंवा 'बेअरिंग गेलंय' असा निकाल द्यायचा. त्याची निम्मी विद्या कानात होती. हायब्रिड गाडीचं म्हातारपण मात्र कानावर येतच नाही. सिग्नलला इंजिन गप्प होतं, गाडी विजेवर सरकते, एसी चालूच असतो, मागच्या सीटवरचा माणूस डुलक्या घेत असतो. सगळं पहिल्या दिवशी होतं तसंच. आणि एका दुपारी डॅशबोर्डवर लाल त्रिकोण उगवतो.

माझ्या दाजींकडे अशी एक गाडी आहे. जपानी, मोतिया रंगाची, आत लाकडी पट्ट्या आणि फिक्या चामड्याच्या सीट. कंपनीचं नाव घेत नाही. दाजींना ते आवडणार नाही. दाजी सोलापूरचे. तिथे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि उभ्या गाडीच्या आत त्याहूनही भट्टी असते. ह्या जुन्या हायब्रिड गाड्यांतल्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीचं आयुष्य किलोमीटरइतकंच उन्हावर ठरतं. बॅटरी बसलेली असते मागच्या सीटच्या पाठीशी, आणि थंड राहायला तिला गाडीतलीच एसीची हवा लागते. ती ओढून घेणारी जाळी मागच्या काचेखालच्या फळीवर. आता, आपल्याकडे ती फळी मोकळी राहिलेली कुणी पाहिली आहे का? टिश्यूचा डबा, मानेखालच्या उशा, पंढरपूरच्या चुरमुऱ्यांची पुडी, आहेराच्या साड्यांची पिशवी. आमच्या ताईची शाल तर वर्षानुवर्षं त्या जाळीवर घडी घालून ठेवलेली असायची. शालीखाली बॅटरी गुदमरत होती आणि मागच्या सीटवर आम्ही गारव्याचं कौतुक करत होतो.

ह्या गाड्यांची बदनामी करायची नाही. टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये जपानात प्रियस विकायला काढली, आणि त्या यंत्रणेचा गाभा अजून तोच आहे: एक पेट्रोल इंजिन, दोन मोटर-जनरेटर आणि त्यांची ताकद वाटून देणारा एक गिअरसंच. त्यात क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. जे नाहीच ते बिघडणार कसं? ब्रेक दाबला की बराचसा वेग मोटरच गिळते आणि त्याची वीज करून बॅटरीत घालते, त्यामुळे ब्रेक पॅड झिजता झिजत नाहीत. दाजींच्या गाडीचं इंजिन दीड लाख किलोमीटरनंतरही ऑइल खात नाही. एरवी ह्या वयाच्या गाडीवर जो किरकोळ खर्च चालूच असतो, तो इथे जवळजवळ नसतो. फक्त खर्च निघाला की तो किरकोळ नसतो.

सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला आणि पी०ए८० हा कोड दाखवला. अर्थ सरळ: बॅटरी बदला. अख्खी. अंदाजपत्रकावरचा आकडा गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त होता. दाजींनी तो कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "एवढ्यात आपलं लग्न, घर आणि मुंज झाली होती."

मग पुण्यातल्या एका तरुण मेकॅनिकने ती बॅटरी उघडली, तेव्हा मी शेजारी उभा होतो. आधी त्याने नारिंगी मुठीचा सर्व्हिस प्लग उपटला आणि स्वतःच्या खिशात टाकला, म्हणजे तो काम करत असताना दुसऱ्या कुणी तो परत लावू नये. मग त्याने निवांत चहा घेतला. इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमधली वीज उतरायला दहा मिनिटं द्यावी लागतात, ती त्याने अशी भरली. हातात जाड रबरी मोजे चढवून त्याने झाकण काढलं. आत चपटे, काळे चौतीस मोड्यूल दाटीने उभे होते. प्रत्येकात सहा सेल, प्रत्येकाचे ७.२ व्होल्ट, सगळे एकापुढे एक जोडलेले, मिळून सुमारे २४५ व्होल्ट. जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट बुरा चढला होता. पंख्याच्या पात्यांवर धुळीची साय, आणि त्यात गुंतलेली निळसर लव. ताईच्या शालीची, दुसरी कुणाची असणार. मल्टिमीटरच्या दोन टोकांनी तो एकेका मोड्यूलला विचारत गेला. सात पॉइंट नऊ, सात पॉइंट नऊ, सात पॉइंट आठ, सात पॉइंट नऊ. अकराव्याला काटा अडला: सहा पॉइंट सहा. म्हणजे त्याच्या पोटातल्या सहांपैकी एक सेल मेलेला. दोनशे चार सेलमधला एक. आठबैली नांगराचा एक बैल मटकन बसला की उरलेल्या सातांच्या ताकदीला काही अर्थ राहत नाही, तशी ही जोडणी.

"हा एक बदलून देतो, साहेब," तो म्हणाला. "पण गॅरंटी ह्याचीच. शेजाऱ्याची नाही."

त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. सगळे एकाच दिवशी जन्मलेले, एकाच उन्हात शिजलेले. एकाला नवा शेजारी दिला की पुढचा सगळ्यांत अशक्त कोण हे उघडं पडतं. ह्या एकेक मोड्यूल बदलण्याला काहीजण लुबाडणूक म्हणतात. मला तसं वाटत नाही. आधी सांगून केलेलं ते ठिगळ आहे, आणि गाडी दोन महिन्यांत विकायची असेल तर घेणाऱ्याला ते सांगायला हवं, एवढंच.

दुखणं एकट्या बॅटरीचं नसतं. अशा अनेक गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडताच पुढून 'झुर्र' असा दोन-तीन सेकंदांचा आवाज येतो: ब्रेकचा विजेवरचा पंप दाब भरून घेतो तो. हा आवाज उभ्या गाडीत घडीघडीला यायला लागला तर दाब कुठेतरी गळतोय असं समजावं, आणि हा भाग सहसा सुटा मिळत नाही, जोडणीसकट घ्यावा लागतो. एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरत नाही, त्याच मोठ्या बॅटरीवर चालतो. त्यात कोपऱ्यावरच्या एसीवाल्याने सवयीने नेहमीचं तेल घातलं की त्या तेलातून वीज झिरपते आणि गाडी इन्सुलेशनचा दोष दाखवून अडून बसते. हजार-पाचशेचं गॅस भरणं असं लाखाच्या घरात जातं. त्याउलट कधीकधी अख्खी गाडी ठप्प होते आणि दोष निघतो डिकीतल्या बारा व्होल्टच्या साध्या बॅटरीचा.

एवढं महाग का, ह्याचं उत्तर मला पुण्यातल्या नाना पेठेत, सुट्या भागांच्या बाजारात मिळालं. तिथे वीस वर्षांपूर्वीच्या मारुतीचा आरसाही मिळतो, कारण तशा लाखो गाड्या रस्त्यावर आल्या आणि हजारो भंगारात गेल्या. जुन्या गाडीला स्वस्तात जगवतात त्या तिच्याच मेलेल्या बहिणी. हायब्रिड सेडानला आपल्याकडे बहिणीच कमी. २०१५ च्या फेम योजनेने तिला सवलत दिली, २०१७ च्या जीएसटीने तिच्यावर २८ टक्के कर आणि १५ टक्के उपकर बसवला. इलेक्ट्रिक गाडी पुढे ५ टक्क्यांवर आली आणि ही २०२५ पर्यंत ४३ वर राहिली. खप थोडा, म्हणून भंगार थोडं, म्हणून सुटे भाग नाहीत, म्हणून हात बसलेले मिस्त्री नाहीत. सरकारने तिला धड लेक मानलं नाही, धड सून. सप्टेंबर २०२५ मध्ये सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, पण भाग मिळाला तर त्याचा उपयोग.

दाजींनी शेवटी नवी बॅटरीच घातली. हिशोबाने हा निर्णय बसत नाही, आणि तो हिशोबाने घेतलेलाही नव्हता. ताईचे गुडघे गेलेत, त्या सीटवर तिला चढउतार सोपी जाते, आणि सोलापूर-पुणे रस्ता तिला कळत नाही, एवढं त्यांना पुरलं. शालीची जागा आता डिकीत आहे. पंधरा वर्षं भरली की पर्यावरण कर भरून पासिंगही करून घेणार म्हणतात.

तुम्ही अशी जुनी गाडी घ्यायला निघाला असाल तर सकाळच्या गारव्यात बघायला जाऊ नका. दुपारी जा, एसी पूर्ण चालू ठेवून अर्धा तास गर्दीत आणि एखाद्या चढावर चालवा, आणि सोबत स्कॅनरवाला माणूस न्या. त्याला बॅटरीच्या ब्लॉकांचे, म्हणजे मोड्यूलच्या गटांचे, व्होल्ट वेगवेगळे दाखवायला सांगा. एखादा ब्लॉक जोर पडल्यावर इतरांपेक्षा व्होल्टभर खाली जात असेल, तर बॅटरीची पूर्ण किंमत वजा करूनच भाव सांगा. मालक तयार झाला नाही, तर सीट कितीही मऊ असू दे, चावी परत करा.